चित्रे वगळून केवळ मजकूर

शिरवळ
८ सप्टेंबर २०२४

मामा,

जय जिनेंद्र. नमस्काराच्या ओळी गाळते आहे, कारण मी चिडलेली आहे आणि चिडून घातलेला नमस्कार तुम्हाला चालत नाही. फोनच केला असता, पण आईनं बंदी घातली. "तुमी दोघं फोनवर भांडला की हिकडं तुला जेवण जात न्हाई अन् तिकडं त्याला. काय भांडायचं ते कागदावर भांडा," म्हणाली.

तर कागदावर.

तुम्हाला माहीत आहे, मी गेली काही वर्षं 'गच्ची' करत होते. आठवडाभर इथल्या कारखान्यात बिस्किटांच्या खोक्यांवरची चित्रं काढायची आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या सांगलीचा २०१९ चा पूर काढायचा. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर सगळी गल्ली येऊन राहिली होती, त्या दिवसांची गोष्ट. चौकटी, चौकटींत माणसं, माणसांच्या तोंडी फुगे. कॉमिक. हा शब्द उच्चारताना मी आवाज खाली आणत नाही, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत तुम्हाला पाठवली. तुमची पोच आली. अभिप्राय अजून यायचा आहे.

कोरेगावच्या साहित्य संमेलनात कादंबरीसाठी पारितोषिक आहे. मी पुस्तक पाठवलं आणि साहित्यप्रकाराच्या जागी 'कादंबरी' असं लिहिलं. काल ते परत आलं. आत एक चिठ्ठी होती: "चित्रे वगळून केवळ मजकूर पाठवावा. मजकुराचा विचार केला जाईल."

मी आधी हसले. मग क्रांतीला फोन लावला. माझी कॉलेजातली मैत्रीण, आता कोरेगावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, तुम्ही तिला आमच्याकडे पाहिलंय. ती म्हणाली, "अगं, हे म्हणजे हाडं काढून माणूस पाठवा म्हटल्यासारखं झालं." तेव्हा माझं हसू गेलं.

कार्यालयात बसलेल्या कुणीतरी न वाचताच ही ओळ खरडली असणार. तुम्ही त्या परीक्षक मंडळाचे प्रमुख आहात. भाचीचं पुस्तक तुम्ही तपासू नका, ते मलाही नको. पण ते तपासलं जावं, एवढं तरी त्या लोकांना सांगा. तुम्ही सांगू शकता. मला पहिलं कॉमिक तुम्हीच आणून दिलं होतं, तासगावच्या स्टँडवरून. तिरळ्या डोळ्यांच्या त्या हेराचं. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर सुकणाऱ्या द्राक्षांखाली बसून मी आणि मामींनी ते एकाच वेळी वाचलं. मामींना पान उलटायची घाई, मला चित्रात रेंगाळायचं. त्या दिवसापासून मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

उत्तराची वाट पाहते.

ब्राह्मी


सांगली
१६ सप्टेंबर २०२४

चि. ब्राह्मी,

तू नमस्कार गाळलास तरी मला आशीर्वाद गाळता येत नाहीत. ते घे आणि पुढचं शांतपणे वाच.

ती चिठ्ठी कार्यालयातल्या कुणी लिहिलेली नाही. मी लिहिली. तुझं पुस्तक मी तपासणार नाही असं मी संयोजकांना आधीच कळवलं होतं. पण हा प्रकार कादंबरीत बसतो का, असा प्रश्न त्यांनी मला विचारला, आणि त्याचं उत्तर देणं माझं काम होतं. तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाचं पुस्तक असतं तरी हेच उत्तर गेलं असतं. तू भाची आहेस म्हणून वेगळं उत्तर दिलं असतं तर तूच मला नावं ठेवली असतीस.

आता कारण. सबंध आयुष्य मी मराठी शिकवली. साहित्य शब्दांचं असतं, एवढी एक गोष्ट मला पक्की कळलेली आहे. मी 'नदी' असं लिहिलं की तुझ्या मनात एक नदी येते, माझ्या मनात दुसरी. शब्द वाचकाला मोकळं सोडतो. चित्रकार नदी काढून मोकळा होतो आणि तुझीही नदी जाते, माझीही जाते, त्याची तेवढी उरते. चित्रकला थोर आहे. पण ती वेगळ्या घरची आहे. दोन्ही घरांचा मान ठेवायचा तर मधली भिंत ठेवावी लागते.

कॉमिक मी तुला आणून देत होतो, हे खरं. गोळ्या-बिस्किटंही आणत होतो. तो खाऊ होता. पुढं वाचायला लागशील म्हणून दिलेला. तुला त्या पायरीवरच घर बांधायचं होतं हे मला तेव्हा कळलं असतं तर कदाचित आणला नसता.

एक मार्ग आहे. संमेलनात बालविभाग आहे. कार्याध्यक्ष नाथाजी जगदाळे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मोठे सज्जन गृहस्थ आहेत. त्यांच्याशी मी बोललो. तिथं तुझ्या पुस्तकाचा सन्मान होऊ शकेल. पुराच्या त्या दिवसांत शालूबाईंचा झालेला मृत्यू तू ज्या हळुवारपणे हाताळला आहेस तो मुलांनाही भिडेल. मान खाली घालून जायची ही जागा नव्हे. विचार कर.

अक्काला सांग, बेदाणे मिळाले. यंदाचे गोड आहेत.

तुझा
कल्लाप्पामामा


शिरवळ
२१ सप्टेंबर २०२४

मामा,

तुम्ही मागितलेला मजकूर पाठवते आहे. चित्रे वगळून. पहिल्या प्रकरणाचा इतकाच आहे:

"धर."
"आनि खाली किती हायत?"
"आधी म्हातारीला घ्या."
"रेडकू न्हाई सोडनार मी खाली. माझं रेडकू न्हाई सोडनार."
"चढवा."
"कांदा हाय का?"
"हाय की."

करा विचार या मजकुराचा. यातल्या कोणत्या शब्दावर पारितोषिक देता येईल ते कळवा.

तुम्ही म्हणाल, पाहा, शब्द किती दुबळे आहेत, साहित्य कुठं आहे यात? मग उद्या एखाद्या कवीला पत्र टाका, 'काना-मात्रा वगळून केवळ अक्षरे पाठवावीत.' नाटकवाल्याला लिहा, 'पात्रे वगळावीत.' 'कांदा हाय का' या फुग्याच्या खाली मी काय काढलंय? चातुर्मास चालू आहे. जिच्या स्वयंपाकघरात त्या चार महिन्यांत कांद्याचं सालही आलेलं नाही, ती बाई गच्चीच्या कोपऱ्यात पाटावर बसून गल्लीसाठी कांदा चिरते आहे, कारण लोकांकडं पीठ आणि कांदा एवढंच उरलंय. तिच्या तोंडी मी एक शब्द दिलेला नाही. एकही दिला असता तरी वाटोळं झालं असतं. मामा, ते शब्द मला सुचले नाहीत असं समजू नका. मी ते लिहिले होते आणि खोडले. खोडणं हे लेखकाचंच काम आहे, असं तुम्हीच शिकवलंत.

आणि तुमची नदी. तुम्ही म्हणता चित्र वाचकाला बांधून टाकतं. दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी असते ती पाहिलीत कधी? एका चौकटीत पाणी तिसऱ्या पायरीवर आहे. पुढच्या चौकटीत पायऱ्याच दिसत नाहीत. पाणी चढलं कुठं? मी ते काढलेलं नाही. ते वाचणाऱ्यानं त्या पट्टीत चढवायचं, स्वतःच्या मनानं, स्वतःच्या भीतीनं. त्याहून मोकळं आणखी किती सोडू?

बालविभागात मी जाणार नाही. मुलांसाठी लिहिणं कमी आहे म्हणून नाही, तर हे मी मुलांसाठी लिहिलेलं नाही म्हणून. आणि कॉमिकमुळं वाचनाची गोडी लागते, ती पुढच्या वाचनाची पायरी आहे, हे जे आमच्या बाजूचे लोक मायेनं म्हणतात ना, त्यानंच मला जास्त राग येतो. पायरी म्हणजे पाय देऊन पुढं जायची जागा. मी इतकी वर्षं मान मोडून बसले ती कुणी माझ्यावर पाय देऊन 'खऱ्या' पुस्तकाकडं जावं म्हणून नाही.

आता शेवटची गोष्ट.

'गच्ची'त शालूबाई मरत नाहीत, मामा. प्रत्यक्षातही मेल्या नाहीत. तुमच्याच मागच्या गल्लीत राहतात, रेडकाची म्हैस झाली आहे आणि तुम्ही तिचंच दूध घेता. पुस्तकात मरते ती त्यांची सासू.

तुम्ही पुस्तक उघडलेलंच नाही. कुणाच्या तरी तोंडून अर्धवट ऐकून तुम्ही मला 'हळुवारपणा'चं सर्टिफिकेट दिलंत.

आवडलं नाही म्हणाला असता तर मी सहन केलं असतं.

ब्राह्मी


सांगली
४ ऑक्टोबर २०२४

चि. ब्राह्मी,

पत्र मिळालं. काही जागा आवडल्या. पांढऱ्या पट्टीबद्दल लिहिलंस ते विचार करण्यासारखं आहे. नियम मात्र नियमच राहील. एका परिच्छेदाच्या जोरावर मी तो मागं घेणार नाही.

पुस्तक मी उघडलेलं नाही हे तू बरोबर ओळखलंस. ते कपाटावर आहे, तू गुंडाळून दिलेल्या तपकिरी कागदात. त्याचं कारण साहित्याशी संबंधित नाही आणि मला ते लिहायचं नाही.

कल्लाप्पामामा


तासगाव
५ नोव्हेंबर २०२४

मामा,

या वेळी भाऊबीजेला तुम्ही आला नाहीत. आईनं दुपारपर्यंत ताट झाकून ठेवलं. एसटी चुकली असेल, म्हणाली. मग पुढची चुकली असेल, म्हणाली. ऊन उतरायला लागल्यावर तिनं स्वतःच ताट उचललं आणि माझ्यासमोर येऊन बसली. तेव्हा मी तिला सगळी पत्रं वाचून दाखवली, तुमची आणि माझी. तुम्हाला आवडणार नाही, पण दाखवली.

तिनं पत्रांच्या घड्या नीट केल्या. मग म्हणाली, "तुझ्या पुस्तकात लीला हाय न्हवं?"

मी म्हटलं, "हाय की. सगळ्या पानांवर मामीच हायत."

"मग कसा उघडंल तो? करोनात तिला दवाखान्यात नेली ती नेलीच. त्यांनी शेवटी तोंडसुदिक दाखवलं न्हाई त्याला. भिंतीवरचा फोटू उतरवून ठेवलाय त्यानं ट्रंकेत. मी विचारलं तर म्हनला, अक्का, अजून बघवत न्हाई. नुसतं लिवलेलं असतं तर वाचलं असतं गं त्यानं. तू तर तिला काढून ठेवलीस."

मामा, हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी मामींना काढत होते तेव्हा त्या मला परत मिळत होत्या; तुमच्या हातात ते पुस्तक पडल्यावर काय होईल, याचा विचार केला नाही. त्याबद्दल तुमच्या पाया पडते. मागच्या पत्रातला शेवटचा कठोरपणा मागं घेते.

बाकी काहीही मागं घेत नाही. उलट तुम्हीच पाहा, शब्दांपुढं तुम्ही कधी डोळे मिटले नाहीत. माझ्या चित्रांपुढं मिटलेत. जे इतकं आत लागतं त्याला तुम्ही खाऊ म्हणता?

आता संमेलनाचं सांगते, म्हणजे तुम्हाला ते दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. क्रांतीनं आणि मी ठरवलंय की संमेलनाच्या दिवशी 'गच्ची'ची सगळी पानं मोठी छापून वाचनालयाच्या आवारात दोऱ्यांवर टांगायची. वर पाटी लावणार: 'कादंबरी. आत या, वाचा.' वाचनालयाच्या समितीनं परवानगी दिली आहे.

नाथाजीसाहेबांना बातमी लागली. त्यांचा फोन आला होता. "बाळ, मी काय म्हंतो, मांडवात तुला मानाची जागा दिली व्हती की आमी. मग हे शेजारी दुसरं दुकान कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, ती जागा लहान मुलांची आहे."

"अगं, चित्राचं पुस्तक म्हंजे ल्हान मुलांचंच की. त्यात कमीपना काय?"

"कमीपणा नाही. पत्ता चुकीचा आहे."

"मगदूमसर तुझे मामा लागतात म्हनं. त्यांनी सांगितल्यालं तरी ऐक."

"त्यांचंच ऐकते आहे. त्यांनी विचार करायला सांगितला होता, तो केला."

त्यांनी फोन ठेवला. तुम्ही व्यासपीठावर असणार. आमच्या दोऱ्या मांडवाच्या कनातीला लागूनच असतील. बोलावत नाही, नुसतं कळवते.

आईनं ओवाळणीचा करंडा अजून आत ठेवलेला नाही.

ब्राह्मी


कोरेगाव
१९ जानेवारी २०२५

मामा,

क्रांतीच्या घरून लिहिते आहे. तुमचं पत्र नाही, तरी लिहिते. काल काय झालं त्यातलं तुम्ही निम्मंच पाहिलंत.

सकाळी उन्हं आली तसं आम्ही पानं टांगली. पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. ग्रंथदिंडी आली, ढोल वाजले, लोक मांडवात गेले. आम्ही दोघी आपल्या पाटीखाली उभ्या. मग बाजाराला आलेल्या चार-पाच बायका दोरीपाशी थांबल्या. त्यातली एक, हरणाबाई, बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. फुगे वाचायची आणि जिथं फुगा नाही तिथं स्वतःच सांगायची, "हितं ती काय बोलंना बगा. आवंढा गिळल्याला दिसतोय." मी तिच्या मागं उभी होते. तो आवंढा मी ज्या रेघेनं काढला होता ती सुरकुतीएवढी बारीक आहे. तिला ती दिसली.

दुपारपर्यंत गर्दी झाली. मांडवातली माणसंसुद्धा भाषण मध्येच सोडून यायला लागली आणि तेव्हाच नाथाजीसाहेब आले. पांढरा फेटा, ताठ कणा. "हे काढा," म्हणाले. "मांडव मोकळा पडाय लागलाय."

क्रांती म्हणाली, "साहेब, ही जागा वाचनालयाची आहे. मांडवाची हद्द त्या बांबूपाशी संपते."

"हद्दीचं मला शिकवू नगा. हितं साहित्याचा कार्यक्रम चाललाय अन् शेजारी बारक्या पोरांची चित्रं."

हरणाबाई मागं वळून म्हणाली, "आवं, बारक्या पोरांची असूं द्या न्हाईतर मोठ्यांची. तुमी जरा बाजूला व्हा. तुमच्या फेट्यानं मला पुढचं दिसंना."

लोक हसले. मी हसले नाही, कारण साहेबांचा चेहरा पडला होता आणि ते वाईट माणूस नाहीत. मी पुढं होऊन म्हटलं, "साहेब, तुम्ही सांगितलं तरी मी काढणार नाही. पोलिसांना बोलवा, तरी हातानं काढणार नाही. पण एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचा. मग तुम्ही म्हणाल त्या भाषेत मला बोला, मी ऐकून घेईन."

ते पहिल्या पानापाशी गेले. चष्मा लावला. वाचत वाचत म्हातारी मरते तिथवर आले आणि तिथं थांबले. पुढं गेले नाहीत. मांडवाकडं परतताना मला एवढंच म्हणाले, "पोरी, हे बालविभागात न्हाई बसत." त्याचा अर्थ त्यांनी काय धरला होता मला माहीत नाही. मी माझा धरला.

संध्याकाळी कादंबरीचं पारितोषिक कुणालाच दिलं नाही, असं माइकवर ऐकलं. "यंदा योग्य दर्जाची कृती आली नाही." ते वाक्य तुमचं होतं, मामा. तुमचा आवाज मी ओळखते.

मग मी मांडवाच्या मागच्या बाजूला धावत आले. तुम्ही शाल काखेत धरून गाडीत बसत होता. मध्ये फक्त एक कनात होती आणि पलीकडं मामी दोरीवर होत्या. तुम्ही तिकडं मान वळवली नाहीत. कपाटावरचा कागद सुटत नाही, हे मी समजून घेतलं होतं. पण सगळं कोरेगाव बघत होतं आणि तुम्ही गाडीची काच वर घेतलीत.

योग्य दर्जाची कृती आली होती. ती परत पाठवली गेली. एवढंच सांगायचं होतं.

ब्राह्मी


सांगली
९ फेब्रुवारी २०२५

चि. ब्राह्मी,

काच मी वर घेतली, कारण इतक्या वर्षांनी तिला पहिल्यांदा पाहायचं ते बाजारातल्या गर्दीत, शाल काखेत धरून, असं मला नको होतं. तू ते पाठ फिरवणं समजलीस. लांबून तसंच दिसलं असणार.

घरी आल्यावर काही दिवस गेले. मग एका सकाळी देवदर्शन करून आलो, खुर्ची गॅलरीत उन्हाला घेतली आणि तो तपकिरी कागद सोडला.

मुखपृष्ठ ओलांडायलाच बराच वेळ लागला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. त्या दिवशी दुपारचं जेवण राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी पेन्सिल घेऊन. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा शालूबाई दूध घालायला आल्या होत्या. त्यांना त्यांच्या सासूचं पान दाखवलं. त्या म्हणाल्या, "आत्ती अशीच डोळं मिटून हसायची," आणि पदर तोंडाला लावून जिन्यावर बसल्या.

आता पुस्तकाबद्दल. सवलत देणार नाही.

सुरुवात लांबली आहे. नदीची पहिली पाच-सहा पानं सुंदर आहेत आणि अनावश्यक आहेत. तुला रेघ चांगली येते म्हणून तू ती काढलीस. हा लेखकाचा जुना रोग आहे, शब्दवाल्यांनाही होतो. गल्लीतल्या पुरुषांची पात्रं एकसारखी झाली आहेत. जोतिबा शिंपी आणि त्याचा भाऊ मला वेगळे ओळखता आले नाहीत, आणि मी त्यांना प्रत्यक्ष ओळखतो. बोटीची वाट पाहण्याचं प्रकरण मात्र असं बांधलं आहेस की मी एका जागी पान उलटलंच नाही. तू जिला पट्टी म्हणतेस तिथं थांबून राहिलो. पलीकडं काय आहे ते मला माहीत होतं, तरी थांबलो.

कांद्याचं पान. त्याविषयी मी काही लिहू शकत नाही. त्याला हात लावू नकोस.

मी पुस्तकांची गाठोडी वर नेतो आहे आणि त्याच वेळी तुझी मामी म्हातारीला पाठीवर घेऊन चढते आहे, ते पान मला अजिबात आवडलं नाही. तेही तसंच ठेव.

पण शेवट फसला आहे. बोट येते आणि लीलाबाई खळखळून हसते, असं तू काढलंस. ती हसली नव्हती. मी तिथं होतो. आम्ही सगळे दमलेले, घाबरलेले, चिखलानं भरलेले होतो. वाचकाला हायसं वाटावं म्हणून तू तिला हसवलंस. गोड शेवटाचा मोह आहे हा. इतकं कठोर पुस्तक लिहून शेवटच्या पानावर तू ढिली पडलीस. दुसऱ्या आवृत्तीत ते पान बदल.

इथल्या एका त्रैमासिकासाठी मी 'गच्ची'चं परीक्षण लिहून दिलं आहे. वरचं सगळं त्यात आहे, शेवटाबद्दलचं अधिक कडक शब्दांत आहे. परीक्षणाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि साहित्यप्रकार लिहायचा असतो. मी 'कादंबरी' लिहिलं. संपादकांचा फोन आला, सर, चूक झाली का? मी म्हटलं, नाही. त्यांनी विचारलं, मग 'चित्रकादंबरी' करू का? म्हटलं, जे लिहिलंय ते छापा. कोरेगावलाही मी पत्र टाकलं आहे की नियमाचा अर्थ लावण्यात माझी चूक झाली आणि पुढल्या वर्षी परीक्षक म्हणून माझा विचार करू नये.

साहित्य शब्दांचं असतं, हे माझं मत पूर्ण गेलेलं नाही. त्यात भोक पडलं आहे. या वयात ते बुजवत बसणार नाही.

रविवारी तासगावला येतो आहे. अक्काला सांग, जेवायला सूर्यास्ताच्या आत वाढ.

आशीर्वाद.

कल्लाप्पामामा


शिरवळ
१३ फेब्रुवारी २०२५

मामा,

साष्टांग नमस्कार. या वेळी मनापासून.

तुमचं पत्र मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभ्यानं वाचलं. सुरुवात लांबली आहे, मान्य. दुसऱ्या आवृत्तीत नदीची पानं कमी करीन, जीव तुटला तरी करीन. जोतिबा आणि त्याच्या भावाची नाकं वेगळी करीन.

शेवटचं पान बदलणार नाही.

तुम्ही तिथं होता, पण बोटीत पुढं बसला होता, गाठोडं छातीशी धरून, तोंड पलीकडच्या काठाकडं करून. मामी बोटीत सगळ्यांच्या मागून चढल्या. शालूबाईंचं रेडकू बोटीत यायला तयार नव्हतं म्हणून एका जवानानं ते खांद्यावर घेतलं, आणि घेतल्या घेतल्या त्यानं जवानाचा कान चाटायला सुरुवात केली. जवान ओरडला, रेडकू सोडेना. मामींनी त्याच संध्याकाळी छावणीतून मला फोन करून हे सांगितलं. सांगतानाही हसत होत्या. म्हणाल्या, "अगं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि तुझ्या मामाला कळू दिलं नाही. तो पुस्तकं धरून इतका गंभीर बसला होता, हसले असं कळलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं."

म्हणजे मी वाचकाला हायसं वाटावं म्हणून त्यांना हसवलेलं नाही. त्या हसल्या म्हणून मी त्यांना हसताना काढलं. तुम्हाला हा शेवट पटणार नाही, याची मला खात्री आहे. नका पटवून घेऊ. परीक्षण लिहिलंय तसं छापा, कडक शब्दांसकट. एक शब्दही सौम्य करू नका, मी भाची आहे म्हणून तर मुळीच नको. फक्त खाली एक ओळ घाला, की परीक्षकानं शेवट बदलायला सांगितला होता, पण लेखिका ऐकत नाही.

ब्राह्मी